आईल ऑफ वाइटवरचं पार्किंग: कडक, पण सांगूनसवरून

आईल ऑफ वाइट या इंग्लंडमधल्या बेटावर गाडी न्यावी का, असं ओळखीतलं कुणी विचारलं की मी आधी विचारते, सोबत कोण कोण आहे? वयस्कर माणसं किंवा अगदी लहान मुलं असतील तर जरूर न्या. दोघंच असाल आणि चालायची हौस असेल, तर गाडी अलीकडे, पोर्ट्समथच्या बंदराजवळ ठेवून जा. बेटावर बसची सोय चांगली आहे. गाडी नेणारच असाल, तर निघण्याआधी थोडा वेळ काढून तिथल्या पार्किंगचे नियम समजून घ्या. ते अवघड नाहीत. पण "पाच मिनिटांचंच तर काम आहे" ही आपल्याकडची सवय तिथे चालत नाही, आणि पाच मिनिटांची किंमत पौंडात मोजावी लागते.

आम्ही रेडिंगला राहतो. उन्हाळ्यात चिपळूणहून सासूबाई आणि सासरे येतात. कोकणातल्या माणसाला समुद्र दिसल्याशिवाय चैन पडत नाही, त्यामुळे बेटाची फेरी ठरलेलीच. बाबांचे गुडघे दुखतात, आईंना चढ सोसत नाही, आणि गाडी मी चालवते. म्हणजे गाडी कुठे लावायची, तिथून पाण्यापर्यंत किती चालावं लागेल, जवळ बाथरूम आहे का, हे सगळं माझ्या डोक्यात आधीपासून फिरत असतं. बेट किती सुंदर आहे हे इतरत्र भरपूर लिहिलेलं सापडेल. मी इथे फक्त पार्किंगच्या सोयीबद्दल आणि दंडाबद्दल लिहिते आहे, कारण याबद्दल मराठीत कुणी नीट सांगितलेलं मला सापडलं नाही.

बेट इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यासमोर आहे, सुमारे ३८० चौरस किलोमीटरचं. वस्ती १ लाख ४० हजारांच्या आसपास. मुख्य भूमीशी जोडणारा पूल नाही. गाडी न्यायची तर बोटीच्या तीन वाटा आहेत: साउथॅम्प्टनहून ईस्ट काउज, पोर्ट्समथहून फिशबोर्न आणि लिमिंग्टनहून यार्मथ. आम्ही पोर्ट्समथहून जातो, पाऊण तासात पलीकडे. बोटीच्या पोटात गाडी चढवली तेव्हा बाबा म्हणाले, "ही तर आपली दाभोळची फेरीबोट. मजले तेवढे जास्त." धोपाव्याला जाताना जशा गाड्या एकीला एक लागून उभ्या करतात तशाच इथेही करतात, आणि खलाशी हातवारेही तसेच करतो.

बेटावर जागेची ओढाताण का, हे एकदा गावं पाहिली की कळतं. राणी व्हिक्टोरियाने १८४५ मध्ये ऑस्बोर्नची मालमत्ता घेतली आणि त्यानंतर बेटावर सुट्टीला येणं मानाचं झालं. व्हेंटनर, शँकलिन, राइड ही गावं वाढली ती घोडागाडीच्या आणि आगगाडीच्या काळात. रस्ते त्याच मापाचे राहिले. त्यात उन्हाळ्यात आमच्यासारखे लोक बोटी भरभरून येतात. अशा रस्त्यावर एक गाडी वेडीवाकडी लागली की बस अडते, आणि बसच्या मागे रुग्णवाहिका असेल तर तीही अडते. म्हणून नियम कडक असण्याबद्दल माझी तक्रार नाही. नियम आधी सांगितलेला असावा, डोळ्यांना दिसावा आणि दंड झाला तर दाद मागायला जागा असावी, एवढी माझी अपेक्षा. कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाच्या, रस्त्यांवर आणि कार पार्कांत या तिन्ही गोष्टी आहेत, म्हणून मी या सोयीला चांगले गुण देते.

नियमांतला निम्मा भाग रस्त्यावर रंगवलेला असतो. कडेला दोन पिवळ्या रेघा असतील तर तिथे गाडी उभी करायची नाही, दिवसा नाही, रात्री नाही, रविवारी नाही. त्यासाठी वेगळी पाटी लागत नाही, रेघाच पुरेशा. एक पिवळी रेघ असेल तर बंदी ठरावीक वेळेपुरती, आणि ती वेळ जवळच्या खांबावर छोट्या पाटीवर लिहिलेली असते. ती पाटी शोधून वाचायची. फुटपाथच्या कडेवर आडव्या छोट्या पिवळ्या खुणा दिसल्या तर सामान चढवा-उतरवायलाही बंदी आहे, एक खूण म्हणजे पाटीवरच्या वेळेत, दोन म्हणजे कधीच नाही. चौकापासून १० मीटरच्या आत गाडी लावू नये. फुटपाथ जिथे व्हीलचेअरसाठी उतरता केलेला असतो, त्याच्यासमोरही नाही. आणि रात्री रस्त्यावर गाडी लावली तर तिचं तोंड वाहतुकीच्या दिशेनेच हवं. आपल्याकडे समोरच्या बाजूला जागा दिसली की गाडी तिकडे वळवून तशीच लावायची पद्धत आहे. अंधार पडल्यावर ते इथे चालत नाही.

घरातल्या ज्येष्ठांना नेणाऱ्यांसाठी एक गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण ती बऱ्याच जणांना माहीत नसते. पिवळ्या रेघांवर गाडी उभी करून ठेवता येत नाही, पण माणसं उतरवायला किंवा घ्यायला थांबता येतं, आणि म्हाताऱ्या माणसाला दार उघडून, काठी हातात देऊन उतरवायला जेवढा वेळ लागेल तेवढा घेता येतो. मी आई-बाबांना एस्प्लनेडवर, म्हणजे समुद्राकाठच्या फिरायच्या रस्त्यावर, बाकाजवळ उतरवते आणि मग एकटी गाडी लावायला जाते. ड्रायव्हरने गाडी सोडून "यांना जरा बसवून येते" म्हणून जायचं नाही. बाबा स्वतःच म्हणतात, "तू जा, आम्ही इथून हलत नाही." पायी रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांजवळ नागमोडी पांढऱ्या रेघा असतात, तिथे मात्र माणसं उतरवायलाही थांबायचं नाही. तो १०० पौंडांचा दंड आहे आणि लायसन्सवर ३ पॉइंट्स.

आता कार पार्क. कौन्सिलचे कार पार्क बहुतेक गावांत मोक्याच्या जागी आहेत, काही कमी वेळासाठी आणि काही दिवसभरासाठी. किनाऱ्यावर दिवस काढायचा असेल तर दिवसभराचाच बघा. पैसे मशीनवर किंवा फोनवरच्या ॲपने भरता येतात. ॲपचा मोठा फायदा म्हणजे वाळूतून उठून न येता वेळ वाढवता येते, अर्थात त्या जागेची कमाल वेळ संपलेली नसेल तर. पण बेटाच्या पश्चिम टोकाला मोबाइलचा सिग्नल सगळीकडे सारखा नसतो, म्हणून मी कार्ड आणि सुटी नाणी दोन्ही जवळ ठेवते. कौन्सिल पर्यटकांसाठी काही दिवसांचा परवानाही विकते. मुक्काम मोठा असेल आणि रोज वेगळ्या गावाला जायचं असेल तर तो घेऊन मोकळं व्हावं. कोणत्या कार पार्कात चालतो ते मात्र घेतानाच वाचून घ्या.

कागदी तिकीट मिळालं तर ते डॅशबोर्डवर, छापलेली बाजू वर, बाहेरून वाचता येईल असं ठेवायचं. समुद्राच्या वाऱ्याने दार लावताना तिकीट उलटतं किंवा खाली सरकतं. दार लावल्यावर मी पुढच्या काचेतून डोकावून बघते आणि दोन फोटो काढते, एक काचेतून दिसणाऱ्या तिकिटाचा आणि दुसरा दराच्या फलकाचा. घरच्यांना हे अति वाटायचं. आता बाबाच आठवण करतात, "फोटो काढलास ना?"

मशीनवर क्यूआर कोडचा स्टिकर चिकटवलेला दिसला तर तो स्कॅन करू नका. किनारी गावांत असे खोटे स्टिकर लावून लोकांच्या कार्डाची माहिती चोरण्याचे प्रकार इंग्लंडभर झाले आहेत. ॲप हवं असेल तर फलकावर त्याचं नाव असतं, ते स्वतः शोधून घ्या आणि जागेचा नंबर हाताने टाका.

अपंगांसाठी राखलेल्या जागांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आपल्या लोकांचा इथे सगळ्यात जास्त घोटाळा होतो. राइडला भर ऑगस्टमध्ये, कार पार्क गच्च भरलेलं, आणि दाराजवळ अशा तीन जागा रिकाम्या. बाबा म्हणाले, "अगं, माझे गुडघे बघ. आपल्यासाठीच आहेत त्या." त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी खरं होतं, पण तिथे दुखणं पुरत नाही, ब्लू बॅज म्हणजे अपंगांसाठीचा पार्किंग परवाना लागतो. तो इथे राहणाऱ्यांना अर्ज करून मिळतो, भारतातून महिन्या-दोन महिन्यांसाठी आलेल्यांना नाही. मी पुढे गेले आणि लांबच्या कोपऱ्यात जागा मिळाली. आई-बाबा तोवर बाकावर बसून होते. थोड्या वेळाने त्या तीनपैकी एका जागेवर एक व्हॅन आली. बाजूचं दार सरकलं, आतून उतार खाली आला आणि एक मुलगी विजेच्या व्हीलचेअरवरून उतरली. जागेच्या कडेचा तिरप्या रेघांचा पट्टा पूर्ण वापरला गेला. तो पट्टा रिकामा का ठेवतात हे बाबांनी डोळ्यांनी पाहिलं, आणि त्या दिवसापासून असा पट्टा दिसला की तेच सगळ्यांना बजावतात की इथे गाडीचं चाकसुद्धा येऊ द्यायचं नाही.

तुमच्या घरात ब्लू बॅज असलेलं कुणी असेल, तर त्याचा उपयोग नीट करून घ्या. इंग्लंडमध्ये बॅज आणि सोबतचं, पोचल्याची वेळ दाखवणारं घड्याळ दिसेल असं ठेवलं तर पिवळ्या रेघांवर ३ तासांपर्यंत गाडी लावता येते, सामान चढवा-उतरवायला बंदी नसेल तिथे आणि रहदारीला अडथळा होत नसेल तर. कार पार्कात मात्र बॅज असला म्हणजे पैसे माफ असतीलच असं नाही. फलक वाचायचा.

दंडाचे आकडे सांगते. कौन्सिलचा दंड दोन पायऱ्यांचा आहे. जिथे उभंच राहायचं नाही तिथे गाडी लावली, म्हणजे पिवळ्या रेघा, अपंगांची जागा, उतरत्या फुटपाथसमोर, तर ७० पौंड. जागा योग्य पण तिकीट नाही, वेळ संपलेली, किंवा गाडी चौकोनाबाहेर पसरलेली, तर ५० पौंड. १४ दिवसांत भरलं तर निम्मा, म्हणजे ३५ किंवा २५. भरलाच नाही आणि दादही मागितली नाही, तर पुढे तो दीडपट होतो, ७० चे १०५. ही सगळी व्यवस्था २००४ च्या ट्रॅफिक मॅनेजमेंट ॲक्टवर उभी आहे, म्हणजे हा पोलिसी गुन्हा नाही, लायसन्सवर पॉइंट्स येत नाहीत, आणि दंड लावणारा माणूस हवालदार नसतो. त्याच्याशी रस्त्यावर हुज्जत घालून उपयोग नसतो, कारण पावती फाटली की ती मागे घेण्याचा निर्णय ऑफिसात, लेखी अर्जावर होतो.

मला या व्यवस्थेतली सगळ्यात न्यायाची वाटणारी गोष्ट म्हणजे १० मिनिटं. पैसे भरलेली वेळ संपली की लगेच पावती फाडता येत नाही. २०१५ पासून कौन्सिलच्या जागांवर १० मिनिटांची सवलत कायद्यानेच दिलेली आहे. वाळूत खेळणाऱ्या पोराचे पाय धुऊन, आईंना आधार देत गाडीपर्यंत येताना ही १० मिनिटं काय असतात हे ज्याने अनुभवलं आहे त्याला ती कमी वाटणार नाहीत. फक्त ती सवलत वेळ संपल्यानंतरची आहे, पिवळ्या रेघांवर गाडी लावून "दहा मिनिटं तर चालतात ना" असं म्हणायची सोय नाही.

दुसरी चांगली गोष्ट दाद मागण्याची. पावती चुकीची वाटली तर पैसे न भरता १४ दिवसांत कौन्सिलला लिहायचं. वॉर्डनने, म्हणजे दंड लावणाऱ्या माणसाने, काढलेले फोटो बहुतेक ठिकाणी पावतीचा नंबर टाकून वेबसाइटवर बघता येतात, ते आधी बघा. कौन्सिलने नकार दिला तरी निम्म्या दंडाची सवलत बहुधा पुन्हा दिली जाते. तरीही पटत नसेल तर औपचारिक हरकत घेता येते, आणि तीही फेटाळली तर ट्रॅफिक पेनल्टी ट्रायब्युनलकडे जाता येतं. ते कौन्सिलपासून स्वतंत्र आहे, तिथे फी नाही, वकील लागत नाही आणि सगळं घरबसल्या होतं. पण एकदा दंड भरला की प्रकरण मिटलं असं धरतात. आधी भरून मग भांडता येत नाही.

हे कागदावरचं नाही, आम्हाला त्याचा उपयोग झाला आहे, बेटावर नव्हे, दुसऱ्या एका किनारी गावात. जवळचं मशीन बंद होतं. माझे यजमान लांबच्या मशीनवर रांगेत उभे राहिले, आणि परत येईपर्यंत काचेवर पाकीट चिकटलेलं. त्यांनी बंद मशीनचा फोटो आणि तिकिटावरची वेळ जोडून चार ओळींचा अर्ज केला, रागाचा एक शब्द नाही. पावती रद्द झाली. म्हणून माझा फोटोंचा हट्ट.

आता खासगी कार पार्क. बेटावर, इंग्लंडच्या इतर किनाऱ्यांसारखेच, काही कार पार्क खासगी जमिनीवर आहेत: हॉटेलं, सुपरमार्केट, आणि काही पर्यटनस्थळांचे. तिथून येणाऱ्या नोटिशीवरही कौन्सिलच्या पावतीसारखीच पीसीएन (कौन्सिलची ती पेनल्टी चार्ज नोटीस, खासगी ती पार्किंग चार्ज नोटीस) ही अक्षरं असतात आणि पाकीटही तसंच दिसतं, त्यामुळे नोटीस हातात आली की सगळ्यात आधी ती कुणी पाठवली ते बघायचं. कौन्सिलची असेल तर वर सांगितलेला रस्ता. खासगी कंपनीची असेल तर तो सरकारी दंड नव्हे, फलकावरच्या अटी मोडल्याबद्दल मागितलेले पैसे आहेत. रक्कम १०० पौंडांपर्यंत असू शकते आणि १४ दिवसांत भरल्यास निदान ४० टक्के कमी होते. तिला केराची टोपली दाखवू नका, कारण कंपनी दिवाणी कोर्टात जाऊ शकते. आधी कंपनीकडे हरकत घ्या, मग ती ज्या संघटनेची सदस्य असेल तिच्या स्वतंत्र अपिलाकडे जा. एक धास्ती मात्र उरलेली नाही: ऑक्टोबर २०१२ पासून इंग्लंडमध्ये खासगी जमिनीवर गाडीच्या चाकाला कुलूप लावणं कायद्याने बंद आहे.

खासगी जागेत माणूस नसतो, कॅमेरा असतो, आणि आपल्या लोकांना नेमकं हेच लक्षात येत नाही. गाडी फाटकातून आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा वेळ कॅमेरा मोजतो. माझे चुलत दीर पुण्याहून आले होते, लंडनला भाड्याची गाडी घेतली आणि किनाऱ्यावरच्या अशाच एका कार पार्कात शिरले. सुट्टीचा दिवस, जागा शोधायलाच बराच वेळ गेला. जागा मिळाल्यावर त्यांनी प्रामाणिकपणे दोन तासांचं तिकीट काढलं आणि वेळेत गाडी हलवली. पण बाहेर पडायलाही रांग होती. कॅमेऱ्याच्या हिशोबाने दोन तास कधीच उलटले होते. त्यांना काही कळलं नाही, ते भारतात परतले, आणि मग कार्डावरून गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीने आपली हाताळणी फी कापून घेतल्याचा मेसेज आला. "वहिनी, दंड कसला आणि फी कसली, मी तर पैसे भरले होते," असा त्यांचा फोन. आम्ही मिळून अपील केलं, तिकिटाची पावती त्यांनी सुदैवाने जपून ठेवली होती, आणि पार्किंग कंपनीची मागणी रद्द झाली. भाड्याच्या गाडीवाल्यांची फी मात्र परत मिळाली नाही. त्यांचं म्हणणं, आम्ही कागद पुढे पाठवण्याचे पैसे घेतले, निकालाशी आमचा संबंध नाही. करारात तसं लिहिलेलं होतं. मला हे आजही अन्यायाचं वाटतं. जो दंडच टिकला नाही, त्याचा निरोप पोचवल्याचे पैसे पाहुण्याने का भरावे?

भारतातून येणारे पुष्कळजण भाड्याची गाडी घेतात, कारण भारतीय लायसन्सवर ब्रिटनमध्ये १२ महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते आणि इथेही गाडी डावीकडूनच चालते. त्यांच्यासाठी एवढंच सांगणं: काचेवर कौन्सिलची पावती मिळाली आणि ती बरोबर आहे असं वाटलं, तर त्याच दिवशी स्वतः भरून टाका. वेळेत भरली तर नोटीस गाडीच्या मालकाकडे, म्हणजे भाड्याच्या कंपनीकडे जातच नाही आणि तिची फीही लागत नाही. कॅमेऱ्याच्या नोटिशीला हा उपाय नाही, ती थेट कंपनीकडे जाते. म्हणून खासगी कार पार्कात शिरल्याची वेळ लक्षात ठेवा आणि तिकीट त्या वेळेपासून मोजून, थोडं जास्तीचंच काढा.

फलकांबद्दल मात्र माझी नाराजी आहे, आणि ती एका बेटाची नाही, सगळ्या देशाची आहे. एकाच पाटीवर सात-आठ अटी, बारीक अक्षरात, अवघड इंग्रजीत. चष्मा लावूनही आईंना त्या वाचता येत नाहीत. जो नियम मोडल्याबद्दल ७० पौंड मागायचे, तो ७० वर्षांच्या माणसाला उन्हात उभं राहून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात लिहायला काय हरकत आहे?

काही जागांबद्दल. व्हेंटनर डोंगराच्या कुशीत पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत गेलेलं गाव आहे. वळणं अशी की मागच्या सीटवर आईंचं रामरक्षा म्हणणं सुरू होतं. तिथे वरच्या रस्त्यांवर जागा शोधत फिरू नका, थेट खाली समुद्राकडे उतरा आणि कार पार्कात लावा. एकदा खाली गेलं की सगळं सपाट आहे आणि बाबा एकटे फिरू शकतात. उतारावर कडेला लावावीच लागली, तर तोंड खाली असताना पुढची चाकं फुटपाथकडे वळवून ठेवायची आणि गिअरमध्ये ठेवायची. शँकलिनच्या जुन्या भागात गवताने शाकारलेली घरं आहेत, तिथे रस्त्यावर जागा मिळणारच नाही असं समजून चला.

ॲलम बे, म्हणजे नीडल्स खडकांजवळची ती रंगीत वाळूची जागा, खासगी आहे. आत शिरायला तिकीट नाही, पार्किंगचे पैसे मोजावे लागतात, तेव्हा तासाभरासाठी जाऊ नका, निम्मा दिवस ठेवा. तिथून पुढे टोकावरच्या जुन्या तोफखान्यापर्यंत पाहुण्यांच्या गाड्या जात नाहीत. चालत जायचं किंवा उघड्या टपाची नीडल्स ब्रीझर बस घ्यायची. आम्ही बस घेतो, आणि वरच्या मजल्यावर बसून कड्याच्या काठाने जाताना बाबांनी आईंचा हात सोडला नाही.

कॉम्प्टन बेला नॅशनल ट्रस्ट या वारसा आणि निसर्ग जपणाऱ्या संस्थेचं कार पार्क आहे, ट्रस्टच्या सदस्यांना तिथे पैसे पडत नाहीत. वर्षातून दोन-तीनदा किनारे फिरणाऱ्या कुटुंबाला ते सदस्यत्व पार्किंगच्या बचतीतच बरंचसं फिटतं. मुलं असतील तर भरतीचं वेळापत्रक बघून ओहोटीला जा, जवळच्या हॅनोव्हर पॉइंटला डायनोसॉरच्या पावलांचे ठसे दिसतात. कडा मात्र सतत ढासळत असतो, त्याच्या अगदी खाली बसू नका.

ऑस्बोर्नला गाडी न्यायलाच हवी असं मी म्हणेन, कारण वाड्याचा परिसर प्रचंड आहे आणि म्हाताऱ्या माणसांची चालण्याची ताकद आतल्यासाठी राखून ठेवायला हवी. तिथली दरबार रूम भाई राम सिंग यांनी सजवली. शेकोटीवरचा तो पांढरा मोर बघून आई बराच वेळ उभ्या राहिल्या, आणि भिंतींवर लावलेल्या भारतीय माणसांच्या चित्रांतले फेटे ओळखायचा खेळ बाबांनी नातवाबरोबर खेळला. जिथे पार्किंगचे पैसे लागतात तिथे तिकिटाची वेळ संपत आली म्हणून कुणाला घाई करायला लागू नये, यासाठीच मी सकाळी जास्तीचे पैसे भरायला कचरत नाही.

काउज वीकच्या दिवसांत, ऑगस्टमध्ये, काउज गावात गाडी घालू नका. १८२६ पासून चाललेली ही शिडाच्या बोटींची शर्यत आहे, गाव माणसांनी भरून वाहतं. जूनमध्ये न्यूपोर्टजवळ संगीत महोत्सव असतो, तेव्हाही तारीख बघून बोट ठरवा. न्यूपोर्टला एरवीही गाडीचं फारसं काम पडत नाही, बेटाच्या बसेस तिथेच एकत्र येतात.

आणि ज्यांना एका दिवसात जाऊन यायचं आहे, त्यांनी पोर्ट्समथच्या साउथसीहून हॉवरक्राफ्ट, म्हणजे हवेच्या गादीवर चालणारी बोट, घ्यावं. १० मिनिटांत राइड. उतरलं की समोर एस्प्लनेड, शेजारी बस आणि आगगाडीही, आणि १८१४ मध्ये बांधलेला, जवळजवळ अर्धा मैल समुद्रात गेलेला धक्का. त्या धक्क्यावरून धावणारी आगगाडी लंडनच्या भुयारी रेल्वेचे जुने डबे घेऊन बनवलेली आहे. लहान मुलांना ती दाखवा, सँडाऊन-शँकलिनपर्यंत तिनेच जा. गाडीवाचून काही अडत नाही.